वर गेलेला हात

सासूला गाडी शिकवायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात आधी सासरे हसले. छातीवर उशी दाबून हसले, कारण छातीच्या ऑपरेशनची जखम अजून ओली होती.

"कॅप्टन," ते सुनेला म्हणाले, "तू आजवर कॉलेजची पोरं शिकवलीस, नवऱ्यावर रुसून आलेल्या बायका शिकवल्यास. पण हिला शिकवायचं म्हणजे... विमा भरलायस ना?"

सून ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, तिच्या टपावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच, वेगळा ब्रेक. सासू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेतलं 'मोठ्या बाई' हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. दूधवाला, शेजारीपाजारी, अगदी सासरेसुद्धा त्यांना बाईच म्हणायचे. सासऱ्यांना डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. त्यामुळे दवाखान्याच्या सगळ्या खेपा सुनेच्या अंगावर आल्या, आणि बाईंना ते सोसेना. कुणाचे उपकार घ्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि सुनेचे तर मुळीच नाही.

सासूसुनांचं भांडण कधी झालं नव्हतं. झालं असतं तर एकदाचं बोलून मोकळं तरी होता आलं असतं. सून काही सांगायला लागली आणि ते बाईंना पटलं नाही, की त्या उजवा हात वर करायच्या. पंजा उघडा, बोटं जुळलेली, मान ताठ. बस्स. याच हाताने त्यांनी शाळेचं अख्खं पटांगण गप्प केलेलं होतं. सूनही गप्प व्हायची, आणि आत जाऊन भांडी जरा जास्तच जोरात लावायची.

गाडीत मात्र बरं चाललं होतं. शेजारी शेजारी बसलं की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सून रस्त्याकडे बघून बोलायची, बाई रस्त्याकडे बघून ऐकायच्या. बाईंचा पाय जड होता, एक्सिलेटर दाबायचा म्हणजे चूल विझवल्यासारखा दाबायच्या, पण शिकायची जिद्द होती. सोप्या बाजूची, म्हणजे डावीकडची, वळणं जमायला लागली होती. समोरून येणारी वाहनं ओलांडून घ्यायचं वळण अजून जमत नव्हतं, आणि मोठ्या चौकातलं वर्तुळ तर सुनेने अजून दाखवलंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ऊन उतरायला लागलं होतं. गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला, आणि बाईंनी क्लच पटकन सोडला. गाडी एकदा उचकली आणि बंद पडली.

"क्लच, आई. आधी क्लच दाबा."

"कळतंय मला."

पुन्हा चालू केली, पुन्हा उचकून बंद. मागून हॉर्न वाजला. मग पुन्हा, लांब, न थांबता. सुनेने आरशात पाहिलं. माल पोचवणारा एक टेम्पो अगदी बुडाला चिकटून उभा होता.

"वाजवू दे त्याला. घाई नाही. न्यूट्रल करा, शांतपणे किल्ली फिरवा."

बाईंच्या बाजूची काच खालीच होती. त्यांनी हात बाहेर काढला आणि वर केला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

हॉर्न थांबला. सुनेला क्षणभर वाटलं, बाईंचा हात रस्त्यावरही चालतो तर. मग टेम्पोचं दार आपटल्याचा आवाज आला.

माणूस बारीक होता. चाळिशीचा असेल. अंगात कुठल्याशा कंपनीचा विटलेला शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो धावत आला नाही. सावकाश चालत आला, आणि सुनेला तेच बघून धस्स झालं. ओरडत येणाऱ्या माणसाचा राग निम्मा वाटेत सांडतो. हा सगळा घेऊन आला होता.

"कुणाला हात दाखवता?"

"आम्ही शिकतोय," बाई म्हणाल्या. "पाटी दिसत नाही?" आणि तर्जनी टपाकडे रोखली.

"बोट खाली."

"हे बघा..."

"बोट खाली करा आधी!"

बाईंनी बोट खाली केलं नाही. तीस-पस्तीस वर्षांची सवय, ती काय एका सिग्नलला जाणार? त्या माणसाने वाकून आत पाहिलं. बाईंच्या पलीकडे, सुनेकडे. आणि सून हसली.

हसली म्हणजे तिला हसू आलं नाही. तिचं हे लहानपणापासूनचं दुखणं होतं. भीती वाटली की तिच्या ओठांचे कोपरे आपोआप वर ओढले जायचे, गाल ताठ व्हायचे. शाळेत मार बसताना ती हसायची म्हणून जास्त मार बसायचा. बापाच्या मयतीलाही तिला तोंड झाकून बसावं लागलं होतं. आतून काळजाचं पाणी होत असायचं आणि बाहेर चेहरा खुदकन हसल्यासारखा.

"हसतेस?" तो माणूस म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "हसतेस तू?"

त्याने मूठ वळून बाजूच्या आरशावर मारली. आरसा फुटला, खोबणीतून निघाला आणि वायरीला लोंबकळत राहिला. काचेचे कण बाईंच्या मांडीवर पडले. आजूबाजूच्या गाड्या बाजूने निघून जात होत्या. एका गाडीतला माणूस मान वळवून बघत बघत गेला, पण थांबला नाही.

"काच वर करा! आई, काच!"

बाईंनी बटण दाबलं. काच वर जायला लागली. त्याने काचेवर हात ठेवला, मग बोटं चेमटतील म्हणून काढून घेतला. तो टेम्पोकडे वळला. सुनेला वाटलं, गेला. पण तो टेम्पोत काहीतरी शोधत होता.

"आई, गाडी काढा. आत्ता. क्लच मी दाबलाय. किल्ली फिरवा. पाय द्या. द्या पाय!"

गाडी सुटली. बाईंनी पाय असा दिला की इंजिन किंचाळायलाच लागलं. सुनेने एका हाताने गिअर बदलला आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं. मधल्या आरशात टेम्पो दिसला. मागेच होता.

"येतोय का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही पुढे बघा."

"येतोय का सांग."

"येतोय."

पोलीस चौकी मोठ्या चौकाच्या पलीकडे होती. तिथे जायचं म्हणजे ते वर्तुळ, आणि चारी बाजूंनी अंगावर येणाऱ्या बस. सुनेच्या पायाशी क्लच होता, ब्रेक होता; एक्सिलेटर बाईंच्या पायाखाली. जागा बदलायची तर थांबायला हवं. थांबायचं कसं? टेम्पो बाजूला आला. तो माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता, पुढे बघत होता, आणि एका हाताने त्याने स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं. अगदी सवयीने, घाम पुसल्यासारखं. बाईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. इतक्या वर्षांत सुनेने तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"वळा आई. इथून, सोप्या बाजूला. वळा!"

बाई वळल्या. मग पुन्हा सोप्या बाजूला वळल्या. दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, बंद शटरं, रस्त्यावर माणूस नाही. आणि पुढे रस्ता संपला. एक मोठं लोखंडी फाटक, त्याला साखळी आणि कुलूप.

सुनेने ब्रेक दाबला. गाडी फाटकापाशी थांबली. मागून टेम्पोचा आवाज येऊन ठेपला.

"मागे घेऊ?" बाईंनी विचारलं. त्यांना मागे घेता येत नव्हतं. आणि मागे टेम्पो आडवा उभा राहिला होता.

सुनेने फोन काढला, पोलिसांचा नंबर लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला, कृपया थांबा. तो माणूस टेम्पोतून उतरला. त्याच्या हातात चाकाचे नट खोलायचा लांब दांड्याचा पाना होता. तो गाडीला वळसा घालून पुढे आला, बॉनेट आणि फाटक यांच्या मधल्या जागेत उभा राहिला. सुनेच्या कानाला लावलेला फोन त्याला दिसला, आणि त्याने पाना बॉनेटवर हाणला. पत्रा आत गेला.

"फोन खाली!"

तिने फोन खाली ठेवला. कृपया थांबा, फोन पायाशी बोलत राहिला.

तो का जात नाही, का येत नाही, तिला कळेना. तो तिथेच उभा होता, गुडघे किंचित वाकलेले, पाना दोन्ही हातांत, डोळे गाडीच्या तोंडावर. मग तिच्या कानात काहीतरी शिरलं. इंजिन. गाडी जागच्या जागी गुरगुरत होती. सुनेचा एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर घट्ट रुतलेला. आणि शेजारी बाईंचा पाय एक्सिलेटरवर थरथरत होता. इंजिन चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. त्या माणसाच्या समोर गाडी होती आणि मागे फाटक. त्याला वाटत होतं, या बायका गाडी अंगावर घालणार.

"आई, पाय काढा."

"कुठला?"

"पाय काढा हो!"

पण पाय बाईंचा राहिला नव्हता. सून बाईंच्या अंगावरून आडवी झाली, स्टिअरिंगखाली हात घातला आणि किल्ली फिरवली.

इतकं शांत झालं की गोदामाच्या पत्र्यावरून चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू आली. त्या माणसाचे खांदे थोडे खाली आले. पाना मात्र तसाच होता. तो बाजूने चालत बाईंच्या दाराकडे आला.

आणि बाईंनी दार उघडलं.

"आई, नको! आई!"

बाई उतरल्या. दार आणि गाडी यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. प्रार्थनेला उभ्या राहायच्या तशा, पाठ सरळ, हनुवटी वर. त्या माणसाला पुढून तेवढंच दिसत होतं. सुनेला आतून दुसरंच दिसत होतं. दाराच्या आतल्या कडेला बाईंनी डावा हात घट्ट धरला होता, आणि तो हात इतका हलत होता की दाराची काच खडखडत होती. दाराआड लपलेलं त्यांचं अर्धं शरीर पळून जायच्या तयारीत होतं, आणि वरचं अर्धं शरीर भाषण द्यायला उभं होतं.

उजवा हात वर जायला लागला. तो उघडा पंजा. सुनेने तो उठताना पाहिला, आणि त्याच वेळी त्या माणसाचा पानाही खांद्याच्या वर उठताना पाहिला.

"आई, बसा!"

बाई थांबल्या.

"आई, खाली बसा. सीटवर. हात दिसू देत त्याला. तुमचा डावा हात दाखवा त्याला. ऐका माझं."

पुढे कित्येक दिवस सुनेला आठवायचं ते बाईंच्या मानेमागचं. केसांच्या खाली, जिथे मान खांद्याला मिळते तिथे काहीतरी सुटल्यासारखं झालं. बाई मागे सरकल्या आणि सीटच्या कडेवर बसल्या, पाय बाहेर रस्त्यावर. डावा हात त्यांनी दारावरून सोडवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, तळवे वर. हात उडत होते. बाईंनी ते दाबून धरले नाहीत. हनुवटी खाली आली. त्यांनी त्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला भीती वाटतेय. मारू नका."

सून दुसऱ्या दाराने उतरली. त्याच्या मागे जायचं नाही, एवढं तिला सुचलं. ती बॉनेटच्या पुढून, तो बघू शकेल अशी, सावकाश आली आणि लांबच थांबली. तोंडावर हात दाबून धरला होता. त्या हाताखाली ओठ अजून वरच ओढलेले होते.

"हात काढ," तो म्हणाला.

"काढते. पण मी हसत नाहीये. मला भीती वाटली की माझं तोंड असं होतं. लहानपणापासून होतं. आईशपथ." तिने हात काढला. "बघा. मला थांबवता येत नाही."

त्याने पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खाली तोंड हसत होतं. तो बराच वेळ बघत राहिला, डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे.

"रडतेस की हसतेस?"

"रडतेय."

पाना खांद्यावरून खाली आला, पण हातातून सुटला नाही. त्याचं काय करायचं ते जणू त्यालाच समजेना. त्याने तो एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याचा श्वास ऐकू येत होता. सुनेच्या लक्षात आलं की उघड्या दारामुळे त्याची मागची वाट अडलीय, आणि टेम्पोकडे जायच्या उरलेल्या वाटेवर, बॉनेटपुढे, आपण उभ्या आहोत. ती भिंतीकडे सरकली. पाठ पत्र्याला लागेपर्यंत सरकली, आणि वाट मोकळी केली.

तो बाईंना म्हणाला, "हात कशाला दाखवायचा?"

बाईंनी मांडीवरचे हात जवळ घेतले.

"गेटवरचा वॉचमन हात दाखवतो. दुकानदार हात दाखवतो. थांब. तिकडे थांब. सकाळपासून सगळे हातच दाखवतात. तोंडाने बोलायला काय होतं? माणूस म्हणून तोंडाने बोलायला काय होतं?" शेवटचं तो पुन्हा ओरडून बोलला, आणि दोघी दचकल्या. बाईंनी दोन्ही हात कानांवर नेले, आणि कपड्यांत अडकलेला काचेचा एक कण त्यांच्या पायाशी पडला.

त्याला ते दिसलं. काय दिसलं कोण जाणे. काच, की कान झाकलेली म्हातारी. तो वळला. सुनेच्या समोरून गेला तेव्हा त्याच्या अंगाला ग्रीस आणि पुठ्ठ्याचा वास येत होता. टेम्पोचं दार लागलं. मागे घेताना टेम्पो एकदा भिंतीला घासला, मग वळला आणि गेला. माफीचा एक शब्द नाही.

गाडीत खाली ठेवलेल्या फोनमधला आवाज अजून म्हणत होता, कृपया थांबा.

दोघी कितीतरी वेळ तिथेच राहिल्या. शेवटी सुनेने बाईंना धरून पलीकडच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालवत घरी आणली. सासऱ्यांना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण लोंबकळणारा आरसा आणि चेपलेलं बॉनेट त्यांना खिडकीतूनच दिसलं. मग सगळं सांगावंच लागलं. संध्याकाळी चौकीत जाऊन तक्रार दिली. टेम्पोचा नंबर दोघींना अर्धाच आठवत होता. हवालदार खुर्चीत मागे रेलून, हाताची घडी घालून ऐकत होता. "तुम्ही उतरलात कशाला?" त्याने विचारलं. रात्री जहाजावरून मुलाचा फोन आला, त्यानेही तेच विचारलं. बाई दोघांनाही तेच म्हणाल्या, "उतरले ते चुकलंच."

भीती मात्र त्या गल्लीत राहिली नाही, घरी आली. बाईंना हॉर्न ऐकला की हातातलं खाली पडायचं. त्यांनी गाडीचं नाव टाकलं. सून दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या शेजारी बसायची तेव्हा ब्रेकवरचा पाय उचलायची नाही. एक्सिलेटर आपल्या पायाखाली नाही, हे आधी तिला कधी जाणवलंच नव्हतं. आता क्षणोक्षणी जाणवायचं. मागे टेम्पो दिसला की ती विद्यार्थ्याला गाडी बाजूला घ्यायला लावायची आणि टेम्पो जाईपर्यंत बसून राहायची. विद्यार्थ्यांना वाटायचं, हाही शिकवण्याचा भाग आहे.

एका सकाळी दोघी भाजी निवडत बसल्या होत्या. सासरे आत झोपले होते. बाई खाली बघूनच म्हणाल्या, "लग्न होऊन आलीस त्या पहिल्या आठवड्यात मी तुला बोलले होते. पाहुण्यांसमोर."

"हो."

"तू हसलीस."

सुनेने हातातली शेंग खाली ठेवली.

"मला वाटलं, ही मला मोजत नाही. तेव्हापासून वाटत आलंय. आणि तू कधी सांगितलंही नाहीस."

"काय सांगणार, आई? सांगायला लागले की तुमचा हात वर जायचा."

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात शेंग होती. ती त्यांनी सोलली, दाणे वाटीत टाकले. "वर्गात साठ पोरं असायची," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी मला रडवायची. घरी येऊन रडायचे मी. मग एकदा असा हात वर केला आणि ती गप्प झाली. मला वाटलं, चला, आता भ्यायला नको." पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "तेव्हाही आतून लटपटतच असायची गं मी."

"मला कसं कळणार ते?"

"नाहीच कळणार. मीच कळू दिलं नाही."

एवढंच झालं. दोघी गळ्यात पडल्या नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्यानंतर बाईंना काही पटलं नाही तर त्या तोंडाने सांगायला लागल्या, आणि बोलायला लागल्या म्हटल्यावर दोघींची खरीखुरी भांडणं व्हायला लागली, अगदी सासरे उशी छातीला धरून "हळू, हळू, मला टाके आहेत" म्हणेपर्यंत.

सून मनातल्या मनात त्या दुपारचा विचार करायची. इंजिन बंद केलं, बाई बसल्या, वाट मोकळी केली. यातल्या कशाने तरी तो माणूस विझला, हे तिने हळूहळू पक्कं करून टाकलं होतं. ते धरून बसलं की झोप यायची. पुन्हा असं झालं तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.

मग चौकीतून फोन आला. एका टेम्पोवाल्याला पकडलंय, तुम्ही सांगितलेल्या वर्णनाचा आहे, ओळख पटवायला या.

दोघी गेल्या. तोच हवालदार होता, पण या वेळी तो रेलून बसला नव्हता. त्याने सांगितलं, पुलाखाली एका स्कूटरवाल्याशी वाद झाला. नुकतंच लग्न झालेला तरुण. पान्याने मारलं. डोक्यावरच बसायचा, पण हात मध्ये आला, हात दोन ठिकाणी मोडलाय. जगेल.

"त्या मुलाने काही केलं होतं का?" सुनेने विचारलं. "म्हणजे, शिवी वगैरे?"

"नाही हो. बघणारे सांगतात, त्याने दोन्ही हात वर केले होते, शरण आल्यासारखे. माफीसुद्धा मागत होता."

सुनेने खुर्चीची पाठ धरली. मग आपण काय केलं होतं? त्या मुलाने केलं नाही असं आपण नक्की काय केलं होतं? तिने इतके दिवस जपून ठेवलेलं ते सगळं एका वाक्यात हातातून निसटलं.

तो आतल्या बाकावर बसला होता. गुडघे जुळवलेले, दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये घातलेले, थंडी वाजत असल्यासारखा. किती लहान दिसत होता. दरवाज्यात दोघी उभ्या राहिल्या तरी त्याने वर पाहिलं नाही. सुनेच्या ओठांचे कोपरे ओढायला लागले होते. तिने मान फिरवली नाही. बाईंनी तिचं मनगट पकडलं. त्यांची बोटं बर्फासारखी होती.

"हाच का?" हवालदाराने विचारलं.

तेव्हा त्याने वर पाहिलं. आधी बाईंकडे, मग सुनेच्या तोंडाकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. त्या दोघी त्याच्या लेखी कुणी नव्हत्या. एका दुपारी भेटलेल्या कितीतरी हातांपैकी एक हात.

"हाच," बाई म्हणाल्या. आवाज कापला, पण शब्द पूर्ण आला. "यानेच आमचा आरसा फोडला. मी सही करते."

दोघींनी सह्या केल्या. सुनेची सही दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या. सून त्यांच्या शेजारी बसली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, एक टेम्पो गेला, मग दुसरा. प्रत्येकाला दोघी बघत होत्या आणि आपण बघतोय हे एकमेकींना दिसू देत होत्या.

"त्या मुलाच्या बायकोला भेटायला जाऊ," बाई म्हणाल्या. "उद्या."

"जाऊ."

"गाडी इथेच राहू दे आज."

सुनेने गाडीकडे पाहिलं. नवा बसवलेला आरसा जुन्यापेक्षा जरा जास्तच चकाकत होता. तिने किल्ली पर्समध्ये टाकली. उठताना बाईंनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, आणि मोठा रस्ता सोडून दोघी मागच्या गल्लीने घरी निघाल्या. त्या वाटेने लांब पडतं, पण तिथून वाहनं जात नाहीत.